२००८ ची केमन एस घ्यावी की २०१४ ची केमन? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): सप्रेम नमस्कार. दोन वापरलेल्या पोर्शे केमन बघून ठेवल्या आहेत. पहिली २००८ ची केमन एस, ३.४ लिटर, सहा गिअरची मॅन्युअल, कर्नाटक पासिंग, ५८,००० किमी, मागणी ३२ लाख. दुसरी २०१४ ची साधी केमन, २.७ लिटर, पीडीके ऑटोमॅटिक, मुंबई पासिंग, ३६,००० किमी, मागणी ५१ लाख. दोन्ही मालक ‘कंडिशन एक नंबर’ म्हणतात. जुनी गाडी ताकदीला जास्त आणि वर १९ लाख वाचतात. रोजचा वापर नाही. रविवारी पन्हाळा, कधी आंबोली, वर्षातून एक-दोनदा गोवा. कोणती घ्यावी?

उत्तर: या दोन गाड्यांत सहा वर्षांचं अंतर आहे, पण खरा फरक २००९ सालानं पडतो. त्या वर्षी पोर्शेनं केमनचं इंजिन मुळापासून बदललं. तुमची पहिली गाडी त्या रेषेच्या अलीकडची, दुसरी पलीकडची. म्हणून रंग, सीट, म्युझिक सिस्टीम यांची तुलना नंतर करा. आधी इंजिन.

२००८ च्या केमन एसमध्ये एम९७ घराण्यातलं इंजिन आहे. या घराण्याचं नाव काढलं की लोक आयएमएस बेअरिंगबद्दल बोलतात. इंजिनाच्या मधल्या शाफ्टचं हे बेअरिंग जुन्या मालिकेत फुटायचं आणि त्याचे तुकडे तेलातून सगळ्या इंजिनभर फिरायचे. तुमच्या पाहण्यातल्या गाडीत मात्र नंतरचं, आकारानं मोठं बेअरिंग आहे आणि ते क्वचितच दगा देतं. दुसरी बाजू अशी की क्रँककेस (इंजिनाचा मुख्य सांगाडा) उघडल्याशिवाय ते बाहेरच येत नाही. ‘क्लच काढू तेव्हा बेअरिंगही बदलून टाकू’ असं कुणी सांगितलं, तर तो माणूस २००५ आणि त्याआधीच्या इंजिनांबद्दल बोलतो आहे.

३.४ लिटरच्या एम९७ ची मोठी भीती वेगळी आहे. तिला बोअर स्कोअरिंग म्हणतात. सिलिंडरची भिंत अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉनचे कण बसवून केलेली असते, लोकासिल नावाची. पिस्टनच्या कडेवरचा लेप झिजला की उघडं अ‍ॅल्युमिनियम त्या भिंतीवर घासतं आणि उभे ओरखडे पडतात. एकदा सुरू झालं की ते थांबत नाही. तेल जळू लागतं, गरम इंजिनात आयडलवर ठरावीक ठेक्यात टक-टक ऐकू येते. इलाज एकच, इंजिन उघडून सिलिंडरना नवे लायनर बसवणं. तसं झालं तर तुमचे ‘वाचलेले’ १९ लाख बऱ्यापैकी तिथेच जातील. सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून तपासल्याशिवाय ३२ लाखांची गाडी घेणं म्हणजे आंधळा व्यवहार आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

२०१४ च्या गाडीत ९ए१ घराण्यातलं इंजिन आहे. त्यात आयएमएस शाफ्टच नाही. सिलिंडर अल्युसिलचे (सिलिकॉन मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे) आहेत आणि त्यांत ओरखड्यांची तक्रार फारच कमी. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचू शकतो, पण या इंजिनात तो सहसा त्रास देण्याइतका होत नाही.

आता ताकद. केमन एस २९५ पीएस आणि ३४० न्यूटन-मीटर टॉर्क (ओढ). साधी केमन २७५ पीएस आणि २९० न्यूटन-मीटर. शंभरचा वेग गाठायला मॅन्युअल केमन एसला ५.४ सेकंद, पीडीके केमनला ५.६. घड्याळात फरक नगण्य आहे. चालवताना मात्र तो जाणवतो. केमन एसचा टॉर्क ४,४०० आरपीएमला पूर्ण मिळतो, तर २.७ ची खरी मजा वर आहे, तिची कमाल ताकद ७,४०० आरपीएमला येते. पन्हाळ्याच्या चढावर केमन एस तिसऱ्या गिअरमध्ये आरामात ओढेल. २.७ ला एक गिअर खाली टाकावा लागेल, आणि ते पीडीके तुमच्याआधीच करून मोकळं होतं.

स्टिअरिंगच्या बाबतीत जुनी गाडी सरस आहे. तिचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, रस्ता हाताला कळतो. २०१४ च्या गाडीचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक, अचूक पण जरा मुकं. उलट तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ६० मिमीनं जास्त (२,४७५ मिमी, जुनीचा २,४१५) आणि बॉडी जास्त ताठ, त्यामुळे आंबोलीच्या ओल्या वळणांवर ती जास्त विश्वासानं बसते.

पीडीकेबद्दल दोन गोष्टी. त्याच्या क्लचचं तेल ठरावीक वर्षांनी बदलावं लागतं. किमी कमी असले तरी वर्षं मोजली जातात. गाडी बारा वर्षांची झाली, म्हणजे ते एकदा तरी बदलल्याची पावती मागा. दुसरं, या गिअरबॉक्समधला एक अंतर मोजणारा सेन्सर बिघडतो. मग डिस्प्लेवर गिअरबॉक्सची सूचना येते, एखादा गिअर किंवा रिव्हर्स पडत नाही. पूर्वी यासाठी अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगत. आता जाणकार वर्कशॉप आतला सेन्सर बदलतात. टेस्ट ड्राइव्हमध्ये थंड आणि गरम दोन्ही अवस्थांत रिव्हर्स पाच-सहा वेळा टाकून बघा. याच गाडीत कूलंटचा चेंजओव्हर व्हॉल्व्ह, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या जोडाची गळती या ठरलेल्या तक्रारी आहेत. कूलंटची पातळी आधी लिहून घ्या, दोन दिवसांनी परत बघा.

जुन्या मॅन्युअलला क्लच बदलताना गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. त्याच वेळी क्रँकशाफ्टचा मागचा सील बघून घ्यावा, तो पाझरतो. फ्लायव्हील ड्युअल-मास आहे, म्हणजे दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं. उद्यमनगरात लेथवर हात बसलेले कारागीर आहेत, फ्लायव्हील ‘एक कट मारून’ देतो म्हणतील. साध्या फ्लायव्हीलला ते चालतं, ड्युअल-मासला नाही. आतल्या स्प्रिंगा सैल झाल्या असतील तर ते बदलायचंच.

दोन्ही गाड्यांचा कॉम्प्युटर रिपोर्ट काढून घ्या. पोर्शेचं पिविस किंवा ड्युरामेट्रिक, कोणतंही चालेल. त्यात दोन आकडे पाहायचे. एक, इंजिनाचे एकूण तास. किमीला तासांनी भागा. ३६,००० किमी आणि १,२०० तास असतील तर सरासरी ३० येते, हे पटण्यासारखं आहे. २,४०० तास निघाले तर सरासरी १५. मग गाडी मुंबईच्या ट्रॅफिकमध्येच राहिली किंवा मीटर मागे फिरवला, यातलं एक. दुसरा आकडा ओव्हर-रेव्हचा. मॅन्युअल गाडीत चुकून पाचव्याऐवजी तिसरा पडला की इंजिन मर्यादेपलीकडे फिरतं आणि त्याची नोंद राहते. वरच्या टप्प्यांतली नोंद किती तासांपूर्वीची आहे ते बघा. शेकडो तासांपूर्वीची असेल आणि इंजिन शांत असेल तर काळजी कमी. गेल्या काही तासांतली असेल तर गाडी सोडा.

बॉडीबाबत एक सावधगिरी. २०१४ च्या गाडीचे दरवाजे आणि पुढचं-मागचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं आहे. तिथे लोहचुंबक चिकटणार नाही, म्हणून ‘पुट्टी भरली आहे’ असा निष्कर्ष काढू नका. अ‍ॅल्युमिनियमवरही चालणारा पेंट गेज वापरा. साधारण १०० ते १५० मायक्रॉन म्हणजे कंपनीचा रंग, २५० च्या पुढे म्हणजे पुन्हा रंगवलेला, ५०० च्या पुढे खाली काहीतरी भरलेलं.

टायरवर ‘एन’ मार्क आहे का बघा, म्हणजे पोर्शेनं मान्य केलेला टायर. बाजूचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर, गोटी कितीही शिल्लक असली तरी, बदलायचा खर्च धरा. ब्रेक डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. भोकांच्या मधल्या बारीक चिरा नखानं चाचपून बघा. पुढच्या बंपरच्या जाळ्यांमागे पाला साचून रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर कुजतो, दोन्ही गाड्यांत. टॉर्चनं आत बघा, आणि घेतल्यावर वर्षातून एकदा बंपर काढून साफ करवून घ्या.

कागदपत्रांत जुनी गाडी जास्त खर्चिक आहे. २००८ च्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२३ मध्ये संपली, म्हणजे नूतनीकरण झालंय का हे आरसीवर आधी तपासा. एप्रिल २०२२ पासून आयात चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क ४० हजार आहे, आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं ते ८० हजार झालं. म्हणजे २०२८ मध्ये हा आकडा तुमच्यासमोर येणार. शिवाय पर्यावरण कर. गाडी कर्नाटकची असल्यानं तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागेल, महाराष्ट्राचा एकरकमी कर वयानुसार घट धरून भरावा लागेल आणि एमएच-०९ चा नंबर घ्यावा लागेल. कर्नाटकात भरलेल्या कराचा परतावा मिळू शकतो, पण तो अर्ज वेगळा. मुंबईची गाडी याच राज्यातली, तिला फॉर्म २९ आणि ३० पुरतील. कर्जाचा बोजा असेल तर ३५ आणि बँकेचं पत्र.

आता निर्णय. कोल्हापुरात ठेवायची एकच स्पोर्ट्स कार, अधिकृत वर्कशॉप मुंबईत नाहीतर बंगळूरुत, आणि वापर घाट नि गोवा: यासाठी आम्ही २०१४ ची गाडी सांगू. फ्लॅटबेडवर घालून इंजिन मुंबईला न्यायची वेळ जुन्या गाडीवर येण्याची शक्यता जास्त आहे. मात्र तुम्हाला मॅन्युअल गिअर आणि ते स्टिअरिंगच हवं असेल, सिलिंडर कॅमेऱ्यानं स्वच्छ निघाले, क्लच झाल्याची पावती असेल, आणि मालक नोंदणी-कराचा खर्च धरून किंमत उतरवत असेल, तर केमन एस घ्या. तसं झालं तर किमान पाच लाख बाजूला ठेवूनच घ्या. सिलिंडर, क्लच आणि किंमत हे तिन्ही मुद्दे जुळले नाहीत तर ३२ लाख ही तिची फक्त सुरुवातीची किंमत समजा.

प्रश्न (इचलकरंजी): मिस्त्री म्हणतो कॅमेरा टाकून सिलिंडर बघितले, सगळं साफ आहे. त्यानं बरोबर बघितलं हे कसं ओळखायचं?

उत्तर: फोटो मागा, सहाही सिलिंडरचे. बोअर स्कोअरिंग बहुतेक वेळा ४, ५, ६ या सिलिंडरमध्ये आधी येतं, आणि नेमके तेच चुकवून तीन फोटो दाखवणारे भेटतात.

पद्धत अशी. इंजिन थंड होऊ द्यायचं. गाडी लिफ्टवर, मागची चाकं काढलेली, कारण केमनच्या या आडव्या इंजिनात प्लग बाजूला असतात. सहाही स्पार्क प्लग काढून क्रमानं मांडायचे. एकाच बँकचे (एका बाजूच्या तीन सिलिंडरचे) प्लग तेलकट काळे असतील तर तो पहिला इशारा. मग प्रत्येक सिलिंडरचा पिस्टन खालच्या टोकाला आणायचा, नाहीतर भिंत दिसतच नाही. कॅमेरा सरळ बघणारा नको, टोक वळणारा हवा. प्लगच्या भोकातून आत घालून मागे वळवायचा आणि भिंतीची पूर्ण फेरी बघायची. बारीक, तिरकी जाळीसारखी खूण दिसणं चांगलं. उभी, चकचकीत किंवा काळपट पट्टी दिसली, तीही पिस्टनच्या सरकण्याच्या दिशेत, तर ते स्कोअरिंग. भिंतीचा खालचा भाग वरून नीट दिसत नाही आणि ओरखडे तिथेच सुरू होतात. शंका राहिली तर ऑइल संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवून खालून कॅमेरा घालणं हाच पक्का उपाय.

संप उतरवलाच तर त्यात काय साचलंय तेही बघा. ऑइल फिल्टरचा कागदी घडीचा भाग कापून पांढऱ्या कापडावर पसरा. तपकिरी प्लास्टिकचे तुकडे म्हणजे टायमिंग चेनचा गाइड झिजतोय. चमकदार, चुंबकाला न चिकटणारी कणी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. चुंबकाला चिकटणारी कणी जास्त चिंतेची. कॉम्प्रेशन टेस्ट चांगली आली म्हणून समाधान मानू नका. ओरखडे पडलेलं इंजिनही बराच काळ चांगलं कॉम्प्रेशन दाखवतं.

एक साधी चाचणीही करा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. ते जोरानं आत ओढलं जात असेल, किंवा सुरू करताना सायलेन्सरमधून पांढरा धूर भसकन येत असेल, तर एअर-ऑइल सेपरेटर (हवेतलं तेल वेगळं करणारा भाग) गेलाय. हा दुरुस्त होण्याजोगा दोष आहे, त्यासाठी गाडी सोडू नका, भाव करा.

प्रश्न (शिरोली): पुराच्या पाण्यात बसलेली गाडी ओळखायची कशी? स्वच्छ धुऊन, पॉलिश करून विकतात.

उत्तर: आपल्याकडे हा प्रश्न अगदी गंभीर आहे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये ती कितीतरी ओलांडली गेली आणि शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. स्पोर्ट्स कार बुटकी असते, तिच्यासाठी तीन फूट पाणीही पुरेसं होतं.

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग बदललेला असू शकतो, पण रीळाजवळच्या पट्ट्यावर मातीची रेषा राहते. सीट मागे सरकवून खालचे रूळ आणि वायरचे कनेक्टर बघा: हिरवट बुरशीसारखा थर म्हणजे तांबं गंजलंय. कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फोम दाबा, नाकाला लावा. केमनमध्ये पुढची डिकी उघडून बॅटरीजवळचा कोनाडा आणि हत्यारांच्या ट्रेखालचा भाग बघा. गाळ अशा जागी अडकतो जिथे पाइपचं पाणी पोचत नाही. हेडलाइटच्या आतल्या बाजूला पाण्याची पातळी दाखवणारी धूसर रेषाही पाहून ठेवा.

गाडीचा विमा इतिहास मागा. ‘इंजिन प्रोटेक्ट’ विम्याखाली दावा केल्याची किंवा टोटल लॉसची (गाडी पूर्ण निकामी ठरल्याची) नोंद निघाली तर व्यवहार तिथेच थांबवा, भाव कितीही खाली आला तरी. एकदा पाणी शिरलेली वायरिंग दोन पावसाळ्यांनीही बोलते.

प्रश्न (कागल): ई-२० पेट्रोल अशा जुन्या गाड्यांना चालतं का? आणि पावसाळ्यात चार महिने गाडी उभी ठेवायची तर काय करायचं?

उत्तर: वर उल्लेख केलेल्या दोन्ही गाड्या जास्तीत जास्त १० टक्के इथेनॉलसाठी बनल्या आहेत. ऑक्टेनचा प्रश्न नाही, ई-२० ला किमान ९५ ऑक्टेन ठरवलेलं आहे. अडचण रबराची आहे. जुन्या इंधन नळ्या, सील आणि ओ-रिंग इथेनॉलनं फुगतात किंवा कडक होतात. आपल्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात इथेनॉलला विरोध कुणी करणार नाही, पण २००८ च्या गाडीच्या इंधन नळ्या बदलून घेणं शहाणपणाचं. इंडियन ऑइलचं एक्सपी-१०० हे इथेनॉल नसलेलं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये ज्या शहरांत आलं त्यात पुणं होतं. पुण्याला जाणं झालं तर पावसाळ्याआधीची टाकी तिथे भरा.

उभी ठेवताना टाकी पूर्ण भरा, म्हणजे आत दमट हवा कमी राहते. आधी तेल आणि फिल्टर बदला. जुन्या तेलातलं आम्ल बेअरिंगवर बसू देऊ नका. तेल ०डब्ल्यू-४०, पोर्शे ए-४० मान्यतेचं, ३.४ ला साधारण ८ लिटर. या गाड्यांना तेलाची काडी नाही, पातळी डिस्प्लेवर बघायची: गाडी सपाट जागेवर, इंजिन गरम, आणि पडदा सांगेल तितकं थांबून. दर दोन-तीन आठवड्यांनी तासभर चालवा. जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद करणं उभ्या गाडीपेक्षा वाईट. पेट्रोल सिलिंडरवरचं तेल धुतं आणि ओल आतच राहते.

टायरमध्ये हवा ५-७ पीएसआय जास्त ठेवा. ओल्या रस्त्यावरून आणून मॅन्युअल गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवू नका, हँडब्रेकचे शू आतल्या ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाका आणि चाकाला लाकडी गुटका लावा. उंदीर पावसात उबेला येतात, वायरी कुरतडतात. पंधरा दिवसांनी इंजिनवरचं झाकण उघडून बघा.

बॅटरीला मेंटेनर (सतत थोडा चार्ज देणारा चार्जर) लावा. ती पूर्ण उतरली तर पुढची डिकी उघडत नाही आणि बॅटरी तर डिकीतच आहे. अशा वेळी २००८ च्या गाडीत पायाजवळच्या फ्यूज बॉक्समधला लाल टर्मिनल बाहेर ओढा, बाहेरच्या बॅटरीचं प्लस त्याला आणि मायनस दरवाज्याच्या लॉकच्या लोखंडी हुकाला जोडा, मग किल्लीचं बटण दाबा. डिकी उघडली की आधी वायरी काढा. त्या टर्मिनलवरून गाडी सुरू करायचा प्रयत्न करू नका, फ्यूज जाईल.